लॅच लांब घेताना आधी पिन बघा
एआर-१५ रायफलचं चार्जिंग हँडल, म्हणजे बोल्ट मागे खेचायची दांडी, जागेवर धरून ठेवणारा छोटा खटका म्हणजे लॅच. स्कोपखाली (नेम धरायच्या दुर्बिणीखाली) बोट जात नाही म्हणून हे लॅच जितकं मोठं तितकं बरं, असं काहीजण म्हणतात. अर्धंच पटतं. एआर-१५ चं मूळ लॅच डाव्या बाजूला आणि इवलंसं असतं, स्कोपची मागची काच त्याच्यावर आली की चिमटीत धरवत नाही, हे खरंच. पण जुन्याच हँडलवर नुसतं लांब लॅच बसवलं की तरफ वाढते, आणि एका बाजूने ओढताना सगळा जोर त्या बारीक रोल पिनवर (लॅच जिच्याभोवती फिरतं ती पोकळ खीळ) येतो. मी इथे टेक्ससमध्ये तेच केलं होतं. काही महिन्यांत लॅच खुळखुळायला लागलं. पंचने ठोकून पिन काढली तर मधोमध वाकलेली!

म्हणून लॅच नको, पूर्ण हँडलच बदला. बीसीएम कंपनीच्या गनफायटर हँडलमध्ये ओढण्याचा ताण पिनऐवजी हँडलच्या अंगावर जातो, मला तीच रचना पटली. त्यातही मधल्या मापाचं घ्या. फार मोठं लॅच खांद्यावरच्या पट्ट्यात अडकून आपोआप सुटू शकतं. रायफल रिकामी आहे ना हे चेंबर (गोळी बसते ती जागा) बघून पक्कं करा, मग पट्टा लावून घरातच दोन-चार फेऱ्या मारून बघा, लगेच कळेल.