मदत हवी आहे: सीएमसी ओलांडूनही लायपोसोम विरघळत नाहीत, असे का?

नमस्कार,

एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी अंड्यातल्या लेसिथिन या लिपिडचे लायपोसोम (लिपिडच्या पटलाच्या सूक्ष्म पोकळ पिशव्या) बनवून डिटर्जंटने त्यांचे पटल कसे विरघळते ते पाहते आहे. लिपिड ५ मिलिमोलर, पीएच ८ चा बफर. डिटर्जंट थोडे थोडे घालत ४०० नॅनोमीटरला गढूळपणा मोजायचा, एवढीच पद्धत.

ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटची सीएमसी (क्रिटिकल मायसेल कॉन्सन्ट्रेशन) साधारण ०.२ ते ०.३ मिलिमोलर. त्यापुढे डिटर्जंटच्या रेणूंचे गुच्छ, म्हणजे मायसेल, बनतात, म्हणजे पटलही तिथेच सुटायला हवे. पण त्याच्या कितीतरी पट ट्रायटन घातले तरी गढूळपणा उतरत नाही, आणि मग अचानक थोड्याशा वाढीवर द्रावण निवळते. सोडियम कोलेट या पित्तक्षाराने तर निवळण्याआधी गढूळपणा स्पष्ट वाढतो. नमुना बिघडला म्हणावे, तर दर वेळी तेच होते.

सीएमसीवरून काही अंदाज बांधता येतो की नाही? दोन्ही डिटर्जंटची तुलना कोणत्या आकड्याने करू? आणि ज्या प्रश्नामुळे हा विषय निवडला तो असा: पित्तातले पित्तक्षार सीएमसीच्या बरेच वर असतात, मग पित्तनलिकेच्या पेशी शाबूत कशा राहतात? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

तुमचा नमुना ठीक आहे. सीएमसी हा निव्वळ पाण्यातला आकडा. लिपिड असले की डिटर्जंट आधी पटलात शिरते आणि पाण्यात मोकळे उरते ते सीएमसीच्या खालीच. पटलात आणखी मावेनासे झाले की मिश्र मायसेल (लिपिड आणि डिटर्जंट यांचे एकत्रित गुच्छ) सुटू लागतात. म्हणून महत्त्वाचे आहे ते पटलातले डिटर्जंट आणि लिपिड यांचे गुणोत्तर. लिख्टेनबर्ग यांचे तीन टप्प्यांचे प्रारूप हेच सांगते: आधी पटल भरते, मग पटल आणि मायसेल एकत्र नांदतात, शेवटी फक्त मायसेल उरतात.

लिपिडची तीन-चार वेगवेगळी प्रमाणे घ्या. प्रत्येकासाठी निवळणे सुरू होताना एकूण डिटर्जंट किती होते ते लिपिडसमोर मांडा. सरळ रेषा येईल. तिचा उतार म्हणजे गुणोत्तर, आणि ती उभ्या अक्षाला छेदते तो आकडा म्हणजे पाण्यातले मोकळे डिटर्जंट. तुलना या दोन आकड्यांनी करा. ट्रायटन जवळजवळ सगळे पटलात जाते, त्यामुळे तिथे उताराचेच राज्य. कोलेटची सीएमसी १० मिलिमोलरच्या घरात, त्याचा मोठा वाटा पाण्यातच राहतो. म्हणूनच ते जास्त लागते, आणि डायलिसिसने सहज काढताही येते. काढले की लायपोसोम पुन्हा जुळतात.

गढूळपणा वाढतो कारण डिटर्जंट शिरलेले लायपोसोम आधी एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि मोठे कण प्रकाश जास्त विखुरतात.

पित्ताबद्दल: कोलेटच्या रेणूला नेहमीच्या डिटर्जंटसारखी डोके-शेपटी (पाण्यात रमणारे डोके, तेलकट शेपटी) नसते. स्टेरॉइडच्या सपाट सांगाड्याच्या एका बाजूला हायड्रॉक्सिल गट, दुसरी बाजू तेलकट. पण पित्तात असे रेणू एकटे नसतात. यकृतपेशीतले एबीसीबी४ हे प्रथिन पित्तात फॉस्फॅटिडिलकोलीन हे लिपिड सोडते, पित्तक्षार त्याच्याबरोबर मिश्र मायसेल बनवतात आणि पेशींच्या पटलावरचा त्यांचा मारा सौम्य होतो. या प्रथिनात जन्मजात दोष असला तर पित्तनलिकांना खरोखरच इजा होते.

मूळ प्रश्नकर्ती

खूप आभार! पित्ताचा भाग मला मार्गदर्शकांकडूनही कळला नव्हता. डिटर्जंटची प्रत्येक भर घातल्यावर किती वेळ थांबू?

प्रतिसाद

ठरावीक वेळ धरू नका, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. ट्रायटन पटलाच्या आतल्या थरात लवकर पोचते. पुढे एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट) हे डिटर्जंट वापरलेत तर जास्त धीर धरावा लागेल, कारण त्याचे भारित डोके तेलकट थर सहज ओलांडत नाही. डीऑक्सिकोलेट हा दुसरा पित्तक्षार घेणार असाल तर पीएच ८ च्या खाली जाऊ देऊ नका, ते जेलीसारखे घट्ट होऊ लागते.