वाँग कार-वाईने स्वतःचेच सिनेमे बदलले, आणि हे मला मान्य नाही

निशिगंधा

हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार-वाईचा ‘इन द मूड फॉर लव्ह’ मी पहिल्यांदा २००६ साली पाहिला. पुण्यात, मैत्रिणीच्या खोलीवर, तिच्या भावाने कुठूनतरी आणलेल्या डीव्हीडीवर. त्यातली मॅगी च्युंग संध्याकाळी डबा घेऊन नूडल्स आणायला निघते तो प्रसंग आठवत असेल. गळाबंद च्याँगसाम (अंगाबरोबर बसणारा चिनी झगा), हातात डबा, अरुंद जिना. व्हायोलिन सुरू होतं आणि सगळं इतकं संथ होतं की हातातल्या डब्याचं हेलकावणंही दिसतं. मग टोनी ल्युंग त्याच जिन्यावर समोरून येतो, दोघं अंग चोरून एकमेकांना वाट देतात. झालं. बाकी काही घडत नाही. त्या रात्री आम्ही तेवढाच तुकडा चार वेळा मागे नेऊन पाहिला. पूर्व आशियातल्या सिनेमाचं वेड मला तिथून लागलं. ओझू, हौ श्याओ-श्येन, ली चांग-डाँग हे सगळे दिग्दर्शक नंतर आले.

गेल्या महिन्यात याच सिनेमाची नवी फोर-के (जास्त बारकावे दाखवणारी डिजिटल) प्रत पाहिली आणि मन खट्टू झालं. हॉटेलच्या बोळातले ते लाल पडदे, तिचा लाल कोट, पिवळ्या दिव्याखालची ओली भिंत, या सगळ्यावर एक हिरवट झाक आली आहे. ही लॅबची चूक नाही. वाँगने हे स्वतः, समजून-उमजून केलं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्याचे सात सिनेमे नव्याने दुरुस्त करून २०२१च्या मार्चमध्ये क्रायटेरियन या अमेरिकी डिस्क-कंपनीने एका संचात काढले. ‘फॉलन एंजल्स’ (१९९५) मूळ १.८५च्या चौकटीत (रुंदी उंचीच्या १.८५ पट) होता, तो २.३९ची लांबट चौकट करून दिला. ‘हॅपी टुगेदर’मधली (१९९७) टोनी ल्युंगची काही स्वगतं कमी केली. वाँगचं म्हणणं असं की एका नदीत माणूस दोनदा उतरत नाही. हे सिनेमे तेच राहिलेले नाहीत आणि आपणही तेच प्रेक्षक नाही. त्या वेळी जे मनात होतं ते आता करता आलं, असंही तो म्हणतो.

माझं म्हणणं सरळ आहे. सिनेमा एकदा लोकांनी पाहिला, जवळ बाळगला, की तो एकट्या दिग्दर्शकाचा राहत नाही. नवी आवृत्ती हवी तर खुशाल काढावी. पण तिला दुरुस्ती म्हणू नये आणि जुनी बाजारातून नाहीशी होऊ देऊ नये. तुम्हाला काय वाटतं?

रीळ_रंग

निशिगंधाताई, सिनेमावरचं तुमचं प्रेम कळतं, पण मुद्दा मला पटत नाही. मुंबईत लॅबमध्ये प्रिंट तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही ‘मूळ रंग’ म्हणता तो नेमका कुठला? निगेटिव्हमध्ये सिनेमाचा रंग तयार नसतो. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना लाल, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश कमी-जास्त करून प्रत्येक शॉटचा रंग ठरवावा लागतो. ग्रेडर, म्हणजे रंग जुळवणारा माणूस, रात्र-रात्र बसून ते आकडे ठरवायचा. मग पहिली प्रिंट दिग्दर्शक आणि कॅमेरामन बघायचे, ‘इथे जरा थंड कर, तिथे चेहरा उचल’ म्हणायचे, की पुन्हा नवी प्रिंट. एवढं करूनही सकाळच्या केमिकलमधून निघालेली प्रिंट आणि संध्याकाळची प्रिंट शेजारी लावली तर फरक दिसायचा. त्यात थिएटरचा दिवा जुना असेल तर पांढरा शर्ट पिवळा. साठ-सत्तरच्या दशकातल्या कित्येक रंगीत प्रिंट आज गुलाबी झाल्या आहेत, कारण त्यांतला निळसर-हिरवा थर सगळ्यांत आधी उडतो. ती गुलाबी प्रिंट जपली म्हणजे मूळ सिनेमा जपला, असं कोणी म्हणेल का?

तुम्ही २००६ साली पाहिलीत ती डीव्हीडी होती. म्हणजे प्रिंट किंवा निगेटिव्हवरून व्हिडिओत उतरवताना कोणीतरी ठरवलेला रंग, तोही त्या खोलीतल्या टीव्हीच्या सेटिंगवर. तुमच्या आठवणीतला लाल त्या टीव्हीचाही असू शकतो.

आणखी एक गोष्ट. या सिनेमाचं चित्रीकरण सव्वा वर्षाच्या आसपास चाललं. कॅमेरामन ख्रिस्तोफर डॉयल मध्येच निघून गेला आणि उरलेलं मार्क ली पिंग-बिनने केलं. दोन कॅमेरामन, दोघांच्या दोन तऱ्हा, आणि १९६२चं म्हणून दाखवलेलं बरंचसं हाँगकाँग बँकॉकच्या गल्ल्यांत चित्रित केलेलं. तरी सिनेमा एकजीव दिसतो, कारण वाँग आणि विल्यम चँग शेवटपर्यंत त्याच्या मागे बसले होते. चँगने कपडे, कलादिग्दर्शन आणि संकलन तिन्ही सांभाळलं. हा रंग ठरवण्याचा हक्क तेव्हा वाँगचा होता. आज तो कोणी काढून घेतला?

दत्ता_म्हणे

रीळ_रंग, तुमचं तांत्रिक सगळं मान्य. पण प्रिंट-प्रिंटमधला फरक आणि मुद्दाम केलेला बदल या दोन गोष्टी एका मापात मोजू नका.

आमच्याकडे कोकणात काळ्या दगडाचं जुनं देऊळ असतं. गावची मंडळी वर्गणी काढतात, भिंतींना ऑइलपेंट फासतात, गाभाऱ्यात टाइल्स लावतात आणि बाहेर पाटी येते, ‘जीर्णोद्धार’. श्रद्धा खरी असते, पैसा खरा असतो, आणि तरी दगड गेलेला असतो. वरचा रंग निदान खरवडून काढता येतो. सिनेमाचं काय? दुकानात आणि ओटीटीवर एकच नवी प्रत ठेवली की विसाव्या वर्षी पहिल्यांदा बघणाऱ्या पोरांना दुसरं काही होतं हेच कळणार नाही.

‘फॉलन एंजल्स’बद्दल तर मला खरंच वाईट वाटतं. तो अतिशय वाइड लेन्सवर घेतलेला सिनेमा आहे. माणसाचं नाक कॅमेऱ्याला टेकेल इतकं जवळ आणि त्याच्या मागची खोली मैलभर लांब, असा त्याचा खेळ. त्या खेळात चौकटीची उंची-रुंदी हाच सिनेमा आहे. ती बदलली की माणसांमधलं अंतरच बदललं.

रीळ_रंग

दत्ताभाऊ, देवळाचं उदाहरण चांगलं आहे, पण इथे ऑइलपेंट गावकऱ्यांनी फासलेला नाही. मूळ स्थपतीच परत आलाय आणि म्हणतोय, शिखर मला असं हवं होतं, तेव्हा जमलं नव्हतं. १९७१ मध्ये गेलेल्या के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ २००४ साली दुसऱ्यांनी रंगीत केला, तेव्हा मीही नाराज होतो. स्वतः कर्ता हयात असताना प्रश्न वेगळा होतो.

अन्‌ गवई तीच चीज वीस वर्षांनी गायला बसला तर आपण जुनी रेकॉर्ड समोर धरून त्याला अडवतो का?

निशिगंधा

नाही अडवत. पण तो नव्याने गातो म्हणून जुनी रेकॉर्ड फोडूनही टाकत नाही. घरी दोन्ही ठेवतो आणि दोन्हींवर जीव टाकतो. माझं मागणं तेवढंच आहे.

शामशुईपो

मी अकरा वर्षं हाँगकाँगमध्ये आहे. दोन्ही बाजू वाचल्या आणि वाटलं, रंगावर आपण जास्तच अडकलोय.

‘इन द मूड फॉर लव्ह’मधल्या घरमालकीण सुएनबाई आठवा. रिबेका पॅनने केलेली भूमिका. त्या शांघायची भाषा बोलतात, आणि मॅगी-टोनीची पात्रं कँटोनीज. १९४९ नंतर शांघायहून हजारो कुटुंबं इथे आली; त्यांची बोली, स्वयंपाक, रात्र-रात्र चालणारा माजाँगचा (सोंगट्यांच्या चिनी खेळाचा) डाव, एकमेकांवरची नजर, सगळं बरोबर आलं. वाँग स्वतः शांघायला जन्मला आणि पाच वर्षांचा असताना इथे आला. म्हणजे ते घर त्याच्या लहानपणातलं आहे. इंग्रजी सबटायटलमध्ये दोन्ही बोली एकच होऊन जातात. ही गोष्ट मला इथल्या एका म्हाताऱ्या शेजारणीने सांगितली, तोवर मी तो सिनेमा सहा वेळा पाहिलेला होता! सोलापुरातली तेलुगू बोलणारी घरमालकीण आणि मराठी भाडेकरू असा सिनेमा असेल, आणि खाली सगळं एकाच भाषेत येत असेल, तर काय हरवेल याचा विचार करा. हिरवट झाकेने जेवढं गेलं त्याहून कितीतरी जास्त आपण पहिल्या दिवसापासून हरवत आलोय. कोणी मराठीत नीट सबटायटल करणार असेल तर मी मदतीला तयार आहे.

दुसरं, ‘हॅपी टुगेदर’ची स्वगतं वाँगने हौसेने कापलेली नाहीत. २०१९ मध्ये आग लागली आणि मूळ निगेटिव्हचा काही भाग गेला. चित्राबरोबर त्या रिळांतला आवाजही गेला. जे उरलं ते इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबमध्ये जोडून घेतलं. याला ‘बदल’ म्हणणं अन्याय आहे.

त्याच सिनेमात टोनी ल्युंग ब्यूनोस आयर्सच्या बारमध्ये मित्राचा टेपरेकॉर्डर तोंडापाशी धरतो, बोलायला जातो आणि शब्दच फुटत नाही, नुसता रडतो. मित्र ती टेप जगाच्या टोकाच्या दीपगृहापाशी नेऊन ऐकतो, तर हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू येतं, बाकी काही नाही. नेमक्या त्या सिनेमाचा आवाज जळावा! हे वाचलं तेव्हा मी नेथन रोडवर बसमध्ये होते, आणि पुढचे दोन थांबे मला दिसलेच नाहीत.

खडूफळा

छत्रपती संभाजीनगरला असतो, शाळेत चित्रकला शिकवतो. दर वर्षी मुलांना अजिंठ्याला नेतो, म्हणून राहवलं नाही.

निजामाच्या काळात, १९२०च्या सुमारास, अजिंठ्याची चित्रं वाचवायला इटलीहून तज्ज्ञ बोलावले होते. त्यांनी सुटणारा गिलावा पक्का केला, ते मोठंच काम झालं. पण चित्रांवर वॉर्निशही चढवलं. काळाच्या ओघात ते पिवळं पडलं, काळवंडलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या पिवळ्या थरालाच अजिंठ्याचा रंग समजत राहिले. पुढे पुरातत्त्व खात्याने काही ठिकाणी तो थर हळूहळू काढला, तेव्हा खालून निळा आणि हिरवा आला. जुन्या लोकांना तो भडक वाटला.

म्हणून मी रीळ_रंग यांच्या बाजूचा आहे. आपण ज्याला मूळ म्हणून कवटाळतो ते पुष्कळदा वॉर्निश असतं.

दत्ता_म्हणे

सर, अजिंठ्यात थर काढला तेव्हा खाली मूळ चित्र होतं. इथे वाँगने उलट केलंय, एक थर वर चढवलाय. उदाहरण तुमचं आहे, पण जातं माझ्या बाजूला.

आणि त्याची ही सवय जुनी आहे. ‘ॲशेस ऑफ टाइम’ (१९९४) त्याने २००८ मध्ये असाच पुन्हा केला, रंग बदलले, संगीतात यो-यो माचा चेलो घातला. नवी आवृत्ती सुंदर आहे, मी ती मोठ्या पडद्यावर पाहिली आहे. पण १९९४ची चांगली प्रत आज बघायची म्हटलं तर शोधत फिरावं लागतं. निशिगंधा म्हणतात ती भीती खरी ठरलेली आहे.

रीळ_रंग

‘ॲशेस ऑफ टाइम’बद्दल माझ्याकडे उत्तर नाही. जुनी आवृत्ती उपलब्ध राहावी, हे मी मान्य करतो. निगेटिव्ह जपतात तसं प्रत्येक आवृत्तीचं ग्रेडिंगही जपलं पाहिजे. आजच्या काळात ते अवघडही नाही. पण नव्या रंगाला ‘चूक’ म्हणू नका, यावर मी ठाम आहे. त्या हिरव्यात मला रात्रीच्या ट्यूबलाइटखालचं दमट हाँगकाँग दिसतं. शामशुईपो, तुम्ही तिथे आहात. तिथली रात्र खरंच कशी दिसते?

शामशुईपो

पावसात, जुन्या इमारतींच्या मागच्या गल्लीत, हिरवीच. पण निऑनच्या पाट्या झपाट्याने उतरवल्या जातायत. वाँगच्याच ‘चुंगकिंग एक्सप्रेस’मधला तो खाण्याचा गाळाही आता नाही. सेंट्रल भागातला सरकता जिना मात्र अजून आहे. सिनेमा आला १९९४ मध्ये, जिना सुरू झाला १९९३ मध्ये, म्हणजे त्यातली नायिका फे वाँग त्यावरून वाकून खिडकीत डोकावते तेव्हा तो कोराच होता. मी रोज त्यावरूनच ऑफिसला जाते. त्या खिडकीच्या जागी आल्यावर मान अजूनही आपोआप वळते.

निशिगंधा

सगळ्यांचं वाचून काल रात्री दोन्ही प्रती काढल्या. मैत्रिणीकडून ती जुनी डीव्हीडी मागवली होती. आधी नवी, मग जुनी, फक्त जिना आणि हॉटेलचा बोळ.

रीळ_रंग, एक गोष्ट कबूल करते. जुन्या डीव्हीडीतला पडदाही माझ्या आठवणीतल्याइतका लाल नाही. चांगलाच फिका आहे. मी दोनदा थांबवून पाहिलं. शामशुईपो, ‘हॅपी टुगेदर’च्या आगीबद्दल मला माहीत नव्हतं, त्याबद्दलची माझी तक्रार मागे घेते.

बाकी मत तेच आहे. जिन्यावरच्या नूडल्सच्या वाफेला नव्या प्रतीत हिरवा रंग आहे आणि जुन्या प्रतीत ती नुसती वाफ आहे, मला ती वाफ हवी आहे. डीव्हीडी मैत्रिणीने मला ठेवून घ्यायला सांगितली.

दत्ता, ‘फॉलन एंजल्स’ची जुन्या चौकटीतली डिस्क कोणाकडे असेल तर कळवा. खडूफळा सर, पुढच्या सहलीला मुलांना घेऊन जाल तेव्हा थर काढलेल्या जागा कोणत्या लेण्यांत आहेत ते जरूर लिहा, मला जाऊन बघायचं आहे. आणि शामशुईपो, मराठी सबटायटलचं मनावर घ्या. सुएनबाईंना कुठली बोली द्यायची ते आधी ठरवू.

शामशुईपो

वऱ्हाडी चालेल?

दत्ता_म्हणे

नको, मालवणी. मी लिहून देतो.