प्रतिसाद: संशोधन प्रयोगशाळेबाहेरही चालतं

वर एकांनी विचारलंय की देणग्यांवर चालणाऱ्या संस्था कॅन्सरच्या रुग्णांना मदत करतात, पण संशोधन कुठे करतात? इंडियन कॅन्सर सोसायटीचं उदाहरण देतो. डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी ती १९५१ साली मुंबईत स्थापन केली. १९६३ मध्ये तिने देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी सुरू केली, म्हणजे एका ठरावीक भागातल्या रहिवाशांपैकी कॅन्सर झालेल्या प्रत्येकाची नोंद. सरकारचा राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम आला १९८१ च्या सुमारास, म्हणजे तब्बल अठरा वर्षांनी! पुढे पुण्यातही सोसायटीची नोंदणी सुरू झाली.

काम किचकट आहे. कर्मचारी रुग्णालयं, पॅथॉलॉजी लॅब, पालिकेच्या मृत्यूनोंदी अशा सगळीकडून माहिती गोळा करतात. एकच रुग्ण तीन ठिकाणी सापडला, तर त्याची नोंद एकच धरायची. शिवाय मोजायचे ते फक्त त्या शहराचे रहिवासी. साताऱ्याहून पुण्यात उपचाराला आलेला माणूस पुण्याच्या आकड्यात येत नाही. म्हणूनच कोणत्या शहरात कोणता कॅन्सर वाढतोय, हे खात्रीने सांगता येतं. माझ्या मते हे अस्सल संशोधन आहे, आणि त्याला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही.

एक विनंती: गावाकडचा रुग्ण पुण्यात घेऊन आलात तर केसपेपरवर आपला कोथरूड-हडपसरचा पत्ता देऊ नका, त्याचा कायमचा पत्ता लिहा.