बेळगावाकडून वॉटर पार्क: सुट्टीत कुठं जावं, आजी आणि पोरांचं कसं?

खानापूरकर: एप्रिलात आठजण निघायचा बेत आहे. आजी ७० वर्षांच्या, गुडघे दुखतात. पोरं ४, १० आणि १४ वर्षांची; दहावालीची उंची १३२ सें.मी. बेंगळूरजवळ बिडदीचं वंडरला बरं, की खोपोलीचं इमॅजिका? कपड्यांचं काय ते पण सांगा.

निपाणी_नाका: दोन्ही लांबच. बेळगावहून खोपोली पुणेमार्गे सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, बिडदी पाचशेच्या वर. पण खरा फरक सुट्ट्यांचा आहे बघा. आपल्याकडं कर्नाटकात शाळा साधारण ११ एप्रिलला सुटतात, महाराष्ट्रातल्या बऱ्याच शाळांत तेव्हा परीक्षा चालू असतात. त्यामुळं एप्रिलच्या मधल्या मंगळवार-बुधवारी खोपोलीकडं गर्दी कमी, बेंगळूरकडं मात्र सगळी पोरं मोकळी. १४ एप्रिल तेवढा टाळा, दोन्हीकडं सुट्टी. जूनचा पहिला पंधरवडा याच्या उलट असतो, पण तेव्हा तुमच्या पोरांची शाळा.

इमॅजिकात थीम पार्क आणि वॉटर पार्कची तिकिटं वेगवेगळी आहेत. लहान पोर आणि आजी असताना एका दिवसात दोन्ही घेऊ नका. आणि पाण्यात दिवस काढून रात्रीची गाडी चालवत परत यायचं धाडस नको. ड्रायव्हरला हमखास झोप येते. मुक्काम धराच.

टिळकवाडी_आक्का: उंचीची अट काही मोठ्या स्लाइडना १४० सें.मी.पर्यंत असते. दहावालीला गेटवरच उंची मोजून सांगा, नाहीतर तासभर रांगेत उभं राहून वर पोहोचल्यावर परत पाठवतात आणि मग रडारड. अट उगीच नाही: वजन कमी पडलं की बसायचा रबरी टायर वळणावर अडकतो, मागून दुसरा येऊन आदळतो. खाली उतरायच्या कुंडात पाय टेकले पाहिजेत, हे वेगळंच.

कपडे नायलॉनचे, अंगाला बसणारे. सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, अंगावर ओढतो, त्याचे तंतू फिल्टरमध्ये जातात. म्हणून आत सोडत नाहीत. जीन्सची बटणं, चेन तर स्लाइडच्या फायबरवर ओरखडे काढतात. भाड्याचे कपडे मिळतात, पण ४ वर्षांच्या मापाचे मिळतीलच असं नाही, घरूनच न्या. लंगोट लागत असेल तर पोहण्याचाच. साधा पाणी शोषून फुगतो आणि फाटतो.

अनगोळचा_पाहुणा: अक्कांनी एक सोडलं: दागिने. चांदीचे पैंजण क्लोरिनच्या पाण्यात काळे पडतात, आणि गार पाण्यात बोटं आकसतात, मग अंगठी कधी निसटली कळत नाही. सगळं घरी ठेवा.

लाटांच्या तळ्यात लाटा सारख्या येत नाहीत. भोंगा होतो, काही मिनिटं लाटा, मग शांत. भोंगा झाला की लोक पुढं पळतात, तिथंच धक्काबुक्की. मशीनच्या भिंतीकडं खोल असतं. चार वर्षांच्याला गुडघाभर पाण्यातच, मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर. दंडाला बांधायचे फुगे म्हणजे खेळणं. लाइफ जॅकेट मागून घ्या. बुडणारं पोर ओरडत नाही हो, त्याच्या तोंडात पाणी असतं. म्हणून एका वेळी एकानंच लक्ष ठेवायचं, मोबाइल लॉकरमध्ये. ‘सगळे बघताहेत’ म्हणजे कुणीच बघत नाही.

आजींना लेझी रिव्हरच्या (टायरवर बसून फिरायचा संथ पाण्याचा कालवा) कडेला सावलीची जागा आधी धरा. टायरमध्ये बसणं सोपं, उठताना गुडघ्यांचा जीव जातो. भिजायचंच असेल तर पायऱ्यांवर बसून.

खानापूरकर: खाण्याचं? दशम्या, शेंगा चटणी चालेल का आत?

टिळकवाडी_आक्का: बाहेरचं आत सोडत नाहीत सहसा, बाळाचं खाणं तेवढं सोडतात. दशम्या गाडीत, उतरायच्या आधी खा. भरल्या पोटी लगेच स्लाइडवर नको, ओकारी होते. पाण्यात असूनही घाम येतो, तहान मात्र कळत नाही; ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, घोट घोट. सनस्क्रीन पाण्यात जायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर परत. आणि रबरी चपला, दुपारी फरशी तव्यासारखी तापते.