सातारा ते शिरवळ रोजची ये-जा : चार लाखांच्या आत कोणती सेकंडहँड गाडी घ्यावी?

प्रश्न – सातारकर नोकरदार

नमस्कार. मी साताऱ्यात राहतो आणि शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. आमच्या पाळीची कंपनीची बस पुढील महिन्यापासून बंद होत असल्याने मी आणि आमच्याच पेठेतील दोन सहकारी एकाच गाडीने जाण्याचे ठरवीत आहोत. जाऊन-येऊन सुमारे 120 किलोमीटर आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर वर्षाला 36,000 किलोमीटर रनिंग होईल. गाडी माझ्या नावावर राहील आणि इंधनाचा खर्च तिघांत वाटून घेऊ.

नावावर करण्याच्या खर्चासह चार लाखांच्या वर जाणे मला शक्य नाही. तीन गाड्या पाहण्यात आहेत : 2016 ची डिझेल स्विफ्ट, एक लाख दहा हजार किलोमीटर चाललेली, 2019 ची कंपनी फिटेड सीएनजी वॅगन आर, 78,000 किलोमीटर, आणि 2020 ची पेट्रोल टियागो, 45,000 किलोमीटर. सकाळी जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, पण संध्याकाळी परतताना तिघे बसलेले असताना घाट चढावा लागेल. केवळ ॲव्हरेज पाहून निर्णय घ्यावा का, हे मला ठरवता येत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – वाईकर

आपले रनिंग इतके आहे की इंधनाचा हिशेब आधी मांडलाच पाहिजे. जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवून रस्त्यावर मिळणारा ॲव्हरेज धरा. पेट्रोल 105 रुपये लिटर, डिझेल 92 रुपये लिटर आणि सीएनजी 90 रुपये किलो असे हिशेबापुरते मानू. महिन्याच्या 3,000 किलोमीटरला पेट्रोल गाडी लिटरला 18 किलोमीटर देत असेल तर 17,500 रुपये लागतील, डिझेल गाडी 21 देत असेल तर साधारण 13,150, आणि सीएनजी गाडी किलोला 25 देत असेल तर 10,800. पेट्रोल आणि सीएनजी यांच्यात महिन्याला 6,700 रुपयांचा फरक पडतो, म्हणून माझे मत वॅगन आरला आहे.

मात्र एक गोष्ट विकणारा सांगत नाही. त्या गाडीतील सिलिंडर 60 लिटर पाण्याच्या मापाचा असतो आणि त्यात प्रत्यक्षात आठ किलोच्या आसपास गॅस बसतो. आपल्याला रोज पाच किलोच्या जवळपास लागेल, म्हणजे जवळजवळ एक दिवसाआड पंपावर जावे लागेल. तेव्हा आपण ज्या वेळी गॅस भरणार, त्याच वेळी दोन-तीन दिवस पंपावर जाऊन रांग किती असते आणि प्रेशर पुरेसे मिळते का, हे पाहून या. पाळी सुटल्यावर दमलेल्या माणसाला अर्धा तास रांगेत काढणे फार जड जाते. मी स्वतः दोन वर्षे ते केले आहे.

घाटाची चिंता करू नये. सीएनजीवर ओढ थोडी कमी पडते, त्यामुळे चढावर गिअर लवकर खाली घ्यावा लागतो, एवढेच.

उत्तर – गॅरेजचालक, भुईंज

वरील हिशेब बरोबर आहे, परंतु तो गाडी निरोगी असेल तरच लागू पडतो. स्विफ्टमधील 1,248 सीसीचे डिझेल इंजिन मुळात फियाटचे असून ते दणकट आहे. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हे धुराच्या प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, तरी या इंजिनाचे सुटे भाग आजही मिळतात आणि आमच्या भागातील प्रत्येक मिस्त्रीला ते उघडता येते. अडचण अशी की एक लाख दहा हजारांवर घेतलेली गाडी आपल्याकडे तीन वर्षांत दोन लाखांच्या पुढे जाईल आणि टर्बो, इंजेक्टर व क्लच यांची कामे नेमकी त्याच काळात निघतील. त्यांपैकी एखादे मोठे काम निघाले की वर्षभराची बचत संपते. स्विफ्ट घ्यायचीच असेल, तर त्यासाठी चाळीस-पन्नास हजार वेगळे ठेवून मगच घ्यावी.

कोणतीही गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जावे आणि मालकाला आधी चालू करून ठेवू नका असे सांगावे. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर इंजिन ऑइल जाळत आहे असे समजावे. मीटरवरील आकड्यावर विसंबू नये. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदींशी तो ताडून पाहावा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. 2019 च्या गाडीवर 2319 असे लिहिलेले टायर असतील, तर ते मूळचेच आहेत आणि आता बदलावे लागतील, तो खर्च किमतीतून कमी करून मागावा. बॉनेटच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा दिसल्या, तर गाडी ठोकलेली आहे का, हे स्पष्ट विचारावे.

एमएच 09, एमएच 10 किंवा एमएच 08 (कोल्हापूर, सांगली किंवा रत्नागिरी) पासिंगची गाडी असेल, तर मी अधिक जागरूक राहायला सांगेन. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीला आणि जुलै 2021 मध्ये चिपळूणपर्यंत महापूर आला होता. माझ्या मेहुण्याने घेतलेली एक गाडी वरून आरशासारखी चकचकीत होती, पण मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तेव्हा त्यावर चिखलाची रेघ निघाली. सहा महिन्यांत तिचे सारे वायरिंग गेले आणि त्याचे पैसे बुडाले. आता गाडी पाहताना आमच्या घरातला प्रत्येक जण आधी बेल्ट ओढतो, मग स्टेपनीच्या खळग्यात हात घालतो.

सीएनजी गाडीच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करावी लागते. तिचे प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय इसार देऊ नका.

उत्तर – रोजची टोलवाली

मी याच रस्त्याने साताऱ्याहून जाते, म्हणून दोन गोष्टी आग्रहाने लिहिते.

पहिली सुरक्षिततेची. आपण वर्षाचे 36,000 किलोमीटर महामार्गावर, कंटेनर आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या सोबतीने काढणार आहात. टियागोला जानेवारी 2020 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-सुरक्षा चाचणीत पाचपैकी चार तारे मिळाले, तर वॅगन आरला 2019 मध्ये दोन. महिन्याचे 6,700 रुपये तिघांत वाटले की डोईला साधारण 2,230 होतात. माझ्या घरच्या माणसासाठी मी एवढे पैसे खर्च केले असते. वॅगन आरच घेणार असाल, तर पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग असलेली शोधा. त्या वर्षी कायद्याने चालकाचीच सक्तीची होती. शिवाय ऐंशीच्या वर वेग नेऊ नका, कारण त्या उंच गाडीला पुढे वारा अडवतो आणि ॲव्हरेजही पडतो.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची, आणि तिचा टोलशी थेट संबंध आहे. ऑगस्ट 2025 मध्ये तीन हजारांना सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास एक वर्ष किंवा 200 फेऱ्या यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत चालतो. वाटेतल्या आनेवाडी टोलनाक्यावर आपल्या महिन्याला 50 फेऱ्या होतील, म्हणजे तो पास चार महिन्यांतच संपेल. नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना स्थानिक मासिक पास मिळतो, पण त्यासाठी गाडीच्या आणि पत्त्याच्या कागदपत्रांवर आपले नाव व पत्ता हवा. म्हणून आपल्या घराचे अंतर मोजून घ्या आणि गाडी नावावर करण्यात एक दिवसही दवडू नका. नमुना 29 आणि 30 या गाडी नावावर करण्याच्या अर्जांवर सह्या घेताना आरसीवर बँकेचा बोजा आणि ऑनलाइन प्रलंबित ई-चलन आहे का, ते पाहा. जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करून घ्या. विमाही 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करा, नाहीतर अपघातात आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडते. नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे विम्याचा हप्ता आधीपेक्षा वाढेल हेही हिशेबात धरा.

पुन्हा प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी सहकाऱ्यांसमोर हा सारा हिशेब ठेवला. दरडोई 2,230 रुपये हा आकडा ऐकल्यावर एक जण लगेच टियागोच्या बाजूने झाला. दुसऱ्याच्या मुलीची फी भरायची आहे, त्याला सीएनजीची बचत सोडवत नाही, आणि त्याचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. स्विफ्ट मात्र तिघांनीही यादीतून काढली.

ती वॅगन आर वरच्या श्रेणीची असून तिला पुढे दोन एअरबॅग आहेत, हे मालकाने फोटो पाठवून दाखवले. हायड्रो टेस्टचे प्रमाणपत्र मागितले, तेव्हा ते गेल्या वर्षी संपल्याचे कळले. ती चाचणी त्यांनी स्वखर्चाने करून द्यावी, असे मी कळवले आहे. त्यांनी होकार दिला तर रविवारी सकाळी सात वाजता थंड इंजिनावर गाडी पाहीन आणि तिघांना बसवून खंबाटकी चढवून बघेन. नकार आला तर त्याच दिवशी टियागोसाठी वाईला जाईन.