परभणीत गच्चीवरच्या टोमॅटोची फुलं गळायलीत, मार्चमधीच! उपटू का ठेवू?

गच्चीवाली_परभणी (२४ मार्च)
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहायलेय, काही चुकलं तर समजून घ्या. संक्रांत झाल्यावर टोमॅटोचं बी टाकलं, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रोपं काळ्या ग्रो बॅगमधी लावली, सात झाडं आहेत, गच्चीवर. सुरुवातीला झाडं अशी जोरात होती की खालचे भाडेकरू पण विचारायचे, ताई काय टाकलंत म्हणून. आता कंबरेएवढी झालीत, फुलांचे घोसच्या घोस, पण फळ काय धरंना. रोज सकाळी गच्ची झाडायला गेलं की बॅगांभोवती पिवळी फुलं पडलेली. नीट बघितलं तर फुलाच्या देठाला मधी एक गाठीसारखं असतं ना, तिथंच पिवळं पडून सुटायलंय, बोट लावलं की टपकन हातात. सगळी मिळून फळं पाच का सहा, त्यातल्या दोघांचं बूड काळं पडलंय.
एका दुकानदारानं खत कमी पडलं म्हणून युरिया दिला, दोनदा टाकला, झाड अजून हिरवंगार झालं पण फुलं गळायची काय थांबली नाहीत. शिवाय एका झाडाची पानं वाटीसारखी वर वळलीत. पाणी बोअरचं, सकाळ संध्याकाळ तांब्याभर. ऊन दिवसभर, आमच्याकडं आत्ताच ३८ चाललंय. सासूबाई म्हणायलेत उपटून टाक अन् मेथी लाव. उपटू का?

लातूरचा_नाना
ताई उपटू नका, आधी तो युरिया बंद करा. नत्र जास्त झालं की झाड निस्तं पाल्यावर जातं, फळाचं नावच नाही. आणि फुलगळ खतानं नाही हो, उन्हानं व्हायलीय. टोमॅटोला दिवसा ३५ च्या वर गेलं अन् रात्री २१-२२ च्या खाली उतरलंच नाही की फुलातले परागकणच निकामी होतेत, मग फळ धरणार कसं, झाड फूल सोडून देतं. पुस्तकात वसंत ऋतू म्हणून लिहिलेलं असतं, आपल्याकडं तो वसंत म्हंजे फेब्रुवारीचे पंधरा-वीस दिवस, तेवढ्यात गुलाबी थंडी पण गेली अन् पंखा पण सुरू झाला.
खरी चूक तारखेची. तुमचं बी संक्रांतीनंतर पडलं, म्हंजे फुलं आली ती बरोबर मार्चच्या तडाख्यात. मी दिवाळीच्या आगंमागं बी टाकतो, जानेवारीच्या शेवटाला पहिला तोडा, होळीपर्यंत घरचे खातो, तिथून पुढं जे येईल ते वरकड. पण आता लावलेत तर वाचवायचे बगा. दुपारी बारा ते चार सावली करा, हिरवी नेट ५० टक्केवाली, नसंल तर जुनं सुती लुगडं चालतंय. फक्त चारी बाजूनं वारं खेळलं पाहिजे, तंबू करू नका. अन् सकाळी आठ-नऊच्या सुमाराला घोसाच्या मागच्या देठाला बोटानं टिचकी मारत जा, टोमॅटोचं एकाच फुलात सगळं असतंय, जरा हलवलं की काम होतं.

हिरवी_बाल्कनी
बूड काळं पडलं म्हणजे कॅल्शियम कमी. अंड्याची टरफलं मिक्सरला फिरवून टाका, सोबत पानाला लावायचा चुना चिमूटभर पाण्यात. आमच्या मावशी तेच करतात.

काळीमाती
चुना अजिबात नको!! ताईनं माती कुठून आणली माहीत नाही पण आपल्याकडची काळी माती आधीच चुनखडीची, वरून बोअरचं पाणी असं की बादलीला पांढरा थर बसतो. त्यात अजून चुना टाकला तर लोह वगैरे झाडाला मिळेनासं होतं, नवीन पानं पिवळी पडतील मग ते वेगळंच दुखणं. टरफलं कुजायला लै दिवस लागतात, या मोसमात त्याचा उपयोग शून्य, कंपोस्टमधी टाका.
बूड काळं पडायचं कारण बहुतेक वेळा पाणी. कॅल्शियम मातीत असतंच, पण ते पाण्याबरोबर फळापर्यंत जातं, आणि बॅग एकदा कोरडीठाक एकदा चिखल अशी झाली की फळाच्या टोकाला पोचतच नाही. तुम्ही तांब्याभर तांब्याभर देताय, वरचं दोन बोटं ओलं होतं अन् खाली मुळाला कोरडं, उन्हाळ्यात हे असंच फसवतं. सकाळी सातच्या आत एकदाच पोटभर द्या, खालच्या भोकातून पाणी निघेपर्यंत. संध्याकाळी बोट खुपसून बघा, दोन पेरं आत कोरडं लागलं तरच परत. मातीवर सोयाबीनचं भुसकट चांगलं तीन-चार बोटं जाड पसरा. आणि काळी बॅग दुपारी हात लावून बघा एकदा, चटका बसतो, आत मुळं शिजायलीत. बॅगेला बारदाना गुंडाळा, खाली दोन विटा ठेवा, स्लॅबचा ताव थेट लागू देऊ नका. काळं बूड झालेली फळं तोडून टाका, ती सुधरत नसतात.

गच्चीवाली_परभणी
बॅगेला दुपारी हात लावला, खरंच चटका बसला 😳 हे डोक्यातच नव्हतं. लुगडं नाही पण सासूबाईंची जुनी सुती साडी मिळाली, त्यांनी नाक मुरडत का होईना दिली. आता वळलेल्या पानाचं सांगा कुणीतरी.

उदगीरकर_वहिनी
पानं कुठली वळलीत, खालची का शेंड्याची? खालची जुनी पानं उभी सुरळीसारखी वळत असतील, रंग हिरवाच अन् संध्याकाळी जरा उलगडत असतील तर ऊन सोसायची झाडाची पद्धत आहे ती, घाबरू नका. पण शेंड्याकडची नवीन पानं बारीक, गुच्छ झाल्यासारखी, कडा पिवळ्या आणि झाड तिथंच खुंटलेलं असंल तर तो लीफ कर्ल व्हायरस. पान उलटं करून बघा, हलवलं की पांढऱ्या कोंड्यासारखं काही उडतंय का, ती पांढरी माशी, तीच हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. त्याला औषध नाही बाई, झाड उपटून पिशवीत बांधून टाकायचं, बाकीची तरी राहतील. मी मागच्या साली जीव होईना म्हणून एक ठेवलं, अन् तीन आठवड्यांत सगळी ओळ गेली.
बाकीच्यांना लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल अन् थोडा पातळ साबण, चांगलं घुसळून, ऊन उतरल्यावर पानाच्या खालच्या अंगानं फवारा. पिवळे चिकट कार्ड पण लावा दोन.

लातूरचा_नाना
वहिनी बरोबर बोलल्या. पुढच्या टायमाला बी घेताना अर्का रक्षक बघा ताई, बंगळुरूच्या बागवानी संस्थेचा हायब्रीड आहे, या व्हायरसला बराच दाद देत नाही. पण त्याचं बी धरून ठेवू नका, हायब्रीड आहे, पुढच्या पिढीत तसं येत नाही. अन् सासूबाईंना सांगा, ३८ मधी मेथी तरी कुठं सुखानं येती.

गच्चीवाली_परभणी (१४ एप्रिल)
लगेच लिहायचं होतं, घरी पाहुणे होते. ते वळलेलं झाड व्हायरसचंच निघालं, शेंडा पार फुलकोबीसारखा गुच्छ झाला होता, उपटलं. राहिली सहा. साडी बांधली, बारदाना गुंडाळला, पाणी सकाळी एकदाच. फुलं अजून गळतातच, खोटं कशाला सांगू, पण मार्च संपता संपता चार-पाच दिवस जरा ढगाळ गेले तेव्हाची धरली, वाटाण्याएवढी होती ती आता लिंबाएवढी झालीत, मोजून एकोणीस. नवीन एकाचंही बूड काळं नाही. आता ४१ आहे. एकच विचारायचं, जी दोन मोठी पिकायलीत ती लाल होईनात, पिवळट-नारिंगीच राहिलीत, कच्ची आहेत का?

काळीमाती
नाही, पिकलीत. फार उष्णतेत लाल रंगच नीट तयार होत नाही. यापुढं टोकाला जराशी गुलाबी झाक दिसली की तोडा अन् घरात सावलीला ठेवा, फ्रिजमधी नको, लाल होतील. उरलेल्या हिरव्यांची तीळ-शेंगदाणे घालून चटणी करा.

गच्चीवाली_परभणी
चटणी आजच केली, अर्धी भाडेकरूंना गेली. आणि त्या उपटलेल्या झाडाच्या बॅगेत सासूबाईंनी मला न विचारता मेथी टाकलीय, उगवली पण, ती पण साडीखालीच आहे.