‘बाबाबा’ कसोटी आहे, मग ‘बाबाबाबा’ का नाही?

प्रश्न : अकरावीतला

नमस्कार. दहावीला गणित भाग 2, म्हणजे भूमितीच्या 40 गुणांच्या पेपरात मला 37 गुण मिळाले होते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. गेल्या महिन्यात माझी जी फजिती झाली, ती त्याशिवाय नीट समजणार नाही.

बार्शी तालुक्यातील आमच्या गावी काकांना शेताचा एक तुकडा खंडाने द्यायचा होता आणि खंड गुंठ्यावर ठरला होता. चारही बांध फितीने मोजले, ते ओळीने 120, 90, 130 आणि 140 फूट भरले (वरचे इंच सोडून दिले आहेत). काकांनी समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढली, 125 आणि 115 यांचा गुणाकार करून 14,375 चौरस फूट आणले, त्याला 1,089 ने भागले आणि ‘तेरा गुंठे तीन आणे’ असा निकाल दिला. (33 फूट लांब आणि 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि गुंठ्याचा सोळावा हिस्सा म्हणजे आणा, हा हिशोब आमच्याकडे अजून चालतो.) खंडाने घेणाऱ्या गृहस्थांना हा आकडा जास्त वाटला आणि ते म्हणाले, ‘पोरगं शिकलेलं आहे, त्याला काढू द्या.’

मी वहीत चौकोन काढला आणि तिथेच अडलो. समांतरभुज, समभुज, समलंब आणि पतंग या सगळ्यांच्या क्षेत्रफळाची सूत्रे मला पाठ आहेत, पण समोरचा चौकोन यांपैकी कोणता हे सांगायला तेथे कोणीही नव्हते. बऱ्याच वेळाने एक कर्ण मोजण्याचे सुचले. तो 150 फूट भरला, शेताचे दोन त्रिकोण झाले आणि हेरॉनच्या सूत्राने त्यांची क्षेत्रफळे 5,400 आणि 8,400 आली. एकूण 13,800 चौरस फूट, म्हणजे बारा गुंठे पावणेअकरा आणे. काकांच्या हिशोबापेक्षा सुमारे साडेआठ आणे कमी.

तेव्हापासून शाळेतील भूमिती पुन्हा आठवून पाहतो आहे. ‘पक्ष’, ‘साध्य’ आणि ‘सिद्धता’ ही शीर्षके अधोरेखित करायला आम्ही चुकलो नाही, रचनेतील कंस पुसले नाहीत, शंकुछेदाचे घनफळ दोन ओळींत काढले. पण पाच वर्षांत वहीच्या पानाबाहेरची एकही लांबी मोजली नाही. कंपासपेटीतील डिव्हायडर तर बाकावर नावे कोरण्यापलीकडे कधी वापरल्याचे मला आठवत नाही. मापन हे वेगळे प्रकरण होते, एकरूपता हे वेगळे, आणि दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल अशी शंकाही आली नाही.

म्हणून दोन गोष्टी विचारतो. त्रिकोणाच्या तीन बाजू कळल्या की क्षेत्रफळ निघते, मग चौकोनाच्या चार बाजू कळूनही ते का निघत नाही? आणि काकांच्या रीतीने येणारे उत्तर नेहमीच जास्त येते, की या शेतापुरते तसे झाले?

उत्तर : निवृत्त गणित शिक्षक

कर्ण मोजण्याचे आपणहून सुचले, याला मी त्या 37 गुणांपेक्षा अधिक किंमत देईन. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र तुम्ही आठवीतच वहीत काढले होते. ‘चार बाजू आणि एक कर्ण दिला असता चौकोन काढा’ ही रचना आठवा. तो कर्ण प्रश्नात कशासाठी दिलेला असतो, असे माझ्या वर्गात एकाही मुलाने कधी विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर पहिली काही वर्षे मीही ते आपणहून सांगितले नाही.

पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या टाचण्यांनी जोडून त्रिकोण करा आणि तो दाबून पाहा, तो हलत नाही. ‘बाबाबा’ (बाजू-बाजू-बाजू) या एकरूपतेच्या कसोटीचा अर्थ एवढाच आहे की तीन बाजू ठरल्या की आकार ठरला, आणि आकार ठरला म्हणूनच हेरॉनच्या सूत्राला केवळ बाजू पुरतात. आता चार पट्ट्यांचा चौकोन करा. पट्ट्यांची लांबी तीच राहते, पण चौकोन हवा तसा कलतो आणि कलता कलता त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ शून्यापर्यंत नेता येते. ज्याची उत्तरे अनेक आहेत, त्याला सूत्र कोठून असणार? पाचवी पट्टी कर्णावर ठोकली की तो पुन्हा ताठ होतो. कैचीच्या छपरात आणि फाटकाच्या चौकटीत तिरपी पट्टी असते ती याचसाठी.

भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘लीलावती’त याच मुद्द्यावर चिडून लिहिले आहे. लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणारा पिशाच समजावा, आणि चौकोनाची ही अनिश्चित स्थिती न ओळखता त्याला उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच समजावा, असा त्या श्लोकांचा आशय आहे. (काकांना हे सांगू नये.)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, नेहमीच जास्त’ असे आहे, आणि त्याची सिद्धता तुमच्याच आकड्यांनी देतो. ज्या त्रिकोणाच्या दोन बाजू 120 आणि 90 आहेत, त्याची 120 या पायावरची उंची 90 हून अधिक होऊच शकत नाही, म्हणून त्याचे क्षेत्रफळ फार तर 120 × 90 च्या निम्मे असते. समोरच्या त्रिकोणाचे तसेच फार तर 130 × 140 च्या निम्मे. म्हणजे या कर्णाने पाहिले तर शेत 14,500 पेक्षा मोठे असू शकत नाही. दुसरा कर्ण काढून हाच विचार 90, 130 आणि 140, 120 या जोड्यांना लावला, तर मर्यादा 14,250 येते. या दोन मर्यादांची सरासरी काढून पाहा : 14,375, काकांचाच आकडा. काका क्षेत्रफळ काढतच नव्हते, ते दोन कमाल मर्यादांची सरासरी काढत होते. चारही कोपरे काटकोनी असतील तरच शेत त्या आकड्याला पोहोचते.

उत्तर : जुना मोजणीदार

गुरुजींनी सांगितले त्यात प्रत्यक्ष कामातील थोडी भर घालतो. महसुली मोजणीची साखळी 33 फुटांची असे आणि तिचे सोळा भाग असत, म्हणून एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा हे गणित तोंडी बसे. ती साखळी आम्ही प्रथम बांधावर टाकत नव्हतो. शेताच्या आरपार, शक्यतो कर्णावर टाकत होतो आणि दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांपासून तिच्यावर लंब काढत होतो. बांध वाकडा असेल तर प्रत्येक वळणापासून एक लंब घ्यायचा, म्हणजे शेताचे काटकोन त्रिकोण आणि समलंब चौकोन होतात आणि मग शाळेतील साधी सूत्रे पुरतात.

गवंडीही पायाची आखणी करताना हेच करतो. तो 3, 4 आणि 5 फुटांच्या खुणांनी कोपरा काटकोनात आणतो, पण लांबी-रुंदी बरोबर आली म्हणून थांबत नाही, दोन्ही कर्ण जुळवतो आणि मगच खणायला सांगतो.

दोन सावधगिऱ्या सांगतो. फीत आडवी आणि ताणलेली हवी, कारण नोंदीतील क्षेत्रफळ उतारावरचे नसते, सपाट पातळीवरचे असते. 100 फूट लांबीत जमीन 20 फूट चढत असेल, तर सपाटीवर ते अंतर जेमतेम 98 फूट भरते. दुसरे म्हणजे, सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते. आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे सुमारे 101.17 चौरस मीटर, त्यामुळे दोन्ही एकच समजून ताळा घेऊ नये.

उत्तर : काटकोन

कोणाच्या लक्षात आले नाही का? 13,800 ला 120 ने भागा. नेमके 115 येतात, आणि 90 व 140 यांची सरासरीही 115 च आहे. म्हणजे हा समलंब चौकोन आहे, 90 आणि 140 चे बांध समांतर आहेत आणि 120 चा बांध त्या दोघांना लंब आहे. 130 चा बांध तिरपा आहे (120, 50 आणि 130 हा पायथागोरसचा त्रिकोण पाहा). काकांची एक सरासरी अगदी बरोबर होती. चूक एवढीच की उंची 120 असताना त्यांनी तिरप्या बांधाला तिच्यात मिसळून ती 125 केली. हे खरे असेल तर दुसरा कर्ण 184 ते 185 फुटांच्या दरम्यान भरायला हवा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : अकरावीतला

सर्वांचे आभार. समलंब चौकोन समोर असून मला ओळखता आला नाही, कारण पुस्तकात त्याच्या समांतर बाजू नेहमी आडव्या असतात आणि आमच्या शेतात त्या उभ्या होत्या.

रविवारी दुसरा कर्ण मोजला. तो 185 फूट 2 इंच भरला. मध्ये तूर उभी आहे, त्यामुळे फीत सरळ ताणता आली नाही, आणि मोजणीदारांनी ज्याबद्दल सावध केले होते तेच झाले असावे. तूर निघाल्यावर पुन्हा मोजेन. खंड बारा गुंठे अकरा आण्यांवर ठरला. काकांना मी पट्ट्यांचा चौकोन करून दाखवला, तो त्यांनी दोन-तीनदा कलवून पाहिला आणि आता नाल्याकडच्या तुकड्याचा हिशोब माझ्यावर सोपवला आहे. तेथील बांध दोन ठिकाणी वळतो, म्हणून या वेळी फीत आधी आरपार टाकणार आहे.